स्वादुपिंडात गाठ : एक सीटी झालाय, सर्जन परत करा म्हणतात. खरंच गरज असते का?

पारिजात_
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज स्वतःच्याच अडचणीसाठी धागा काढतेय.

सासऱ्यांना (वय ६८) कावीळ झालीय. पोटदुखी नाही, ताप नाही, फक्त डोळे पिवळे, लघवी गडद आणि अंगाला मरणाची खाज. वजन आधीपासूनच उतरत होतं पण डायबेटिस नव्याने निघाला होता म्हणून पथ्यामुळे असेल असंच सगळे म्हणत होते. सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली, पॅन्क्रियासचं (स्वादुपिंडाचं) डोकं 'बल्की' (फुगीर) आणि पुढे 'गॅसमुळे नीट दिसत नाही'. मग पोटाचा सीटी झाला, त्यात डोक्याच्या भागात 'इल-डिफाइन्ड हायपोडेन्स एरिया' (कडा अस्पष्ट असलेला काळपट भाग), पित्तनळी आणि पॅन्क्रियासची नळी दोन्ही फुगलेल्या, आणि तळाला एक ओळ की पॅन्क्रिॲटिक प्रोटोकॉल सीटी करावा.

आता गोंधळ असा की एक डॉक्टर म्हणतात आधी पित्तनळीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकून कावीळ उतरवू, बाकी नंतर. सर्जन म्हणतात स्टेंटला हात लावायच्या आधी मला हवा तसा सीटी करून आणा. नवऱ्याचं म्हणणं, सीटी झालाय ना, परत तेच रेडिएशन कशाला, त्यापेक्षा सरळ पेट स्कॅन करू, त्यात सगळंच कळतं. दीर म्हणतात आधी बायोप्सी, कॅन्सर आहे हेच अजून कुठे ठरलंय. चार माणसं चार दिशा. कुणाला यातलं माहीत असेल तर साध्या भाषेत सांगा प्लीज.

काळापांढरा
मी रेडिओलॉजीवाला आहे, दिवसभर हेच बघतो. आधी नेहमीचं : फिल्म न बघता कुणाच्याच पेशंटबद्दल ठाम बोलणार नाही, तुमचे डॉक्टर सांगतील ते अंतिम. पण तुमच्या सर्जननी जे मागितलंय ते अगदी बरोबर मागितलंय.

साधा पोटाचा सीटी आणि हा सीटी यात मशीन तेच, फरक वेळेचा आहे. साध्या सीटीत कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं औषध) शिरेतून दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी एकदाच फोटो घेतात, लिव्हरसाठी ती वेळ उत्तम. पण पॅन्क्रियास स्वतः सगळ्यात जास्त चमकतो ४० ते ५० सेकंदांच्या आसपास, कारण त्याला रक्तपुरवठा भरपूर. आणि हा जो नेहमीचा कॅन्सर आहे, ॲडिनोकार्सिनोमा, तो आतून तंतुमय असतो, त्याच्यात रक्त फार कमी जातं. म्हणजे त्या दहा सेकंदांच्या खिडकीत निरोगी भाग पांढरा आणि गाठ काळपट अशी दिसते. ७० सेकंदांपर्यंत निरोगी भागाची चमक उतरायला लागते, गाठीत हळूहळू कॉन्ट्रास्ट झिरपतो आणि दोघांतला फरक पुसट होत जातो. तुमच्या रिपोर्टातलं 'इल-डिफाइन्ड' बहुतेक तिथूनच आलंय. म्हणून प्रोटोकॉल सीटीत दोन्ही वेळा फोटो घेतात, एक पॅन्क्रियास आणि धमन्यांसाठी आणि दुसरा पोर्टल व्हेन (लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर) आणि लिव्हरसाठी. शिवाय स्लाइस पातळ, शक्यतो एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कुठल्याही कोनातून चित्र उभं करता येतं. साध्यात बऱ्याचदा पाच मिलिमीटरचे असतात.

तरीही साताठ टक्के गाठी अशा निघतात की त्या बरोबर वेळेला पण आजूबाजूच्या भागाच्याच रंगाच्या दिसतात. तेव्हा गाठ नाही दिसत, तिने केलेलं नुकसान दिसतं : नळी फुगत फुगत येते आणि एका जागी कापल्यासारखी थांबते, तिच्या मागचा पॅन्क्रियास सुकलेला. दोन्ही नळ्या एकत्र फुगलेल्या असणं हे तर जुनं ओळखीचं लक्षण, डोक्याच्या भागात काहीतरी दोघींना दाबतंय असं समजून शोधायला लागायचं.

रेडिएशनबद्दल : पोटाच्या सीटीच्या एका फेजला (म्हणजे एका वेळच्या फोटोंना) ढोबळ ८ ते १० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचं माप), निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ च्या आसपास मिळतंच. ६८ व्या वर्षी, अशा संशयात, या हिशेबावर वेळ घालवू नका.

हुप्प्या
पण पेट मध्ये 'सगळं' दिसतं हे आम्ही पण ऐकलंय. माझ्या ओळखीत लिम्फोमाला (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरला) पेटवरच सगळं चाललं. मग इथे का नाही?

काळापांढरा
@हुप्प्या, लिम्फोमात पेट राजा आहे, वादच नाही. इथे गणित वेगळं. पेटमध्ये साखरेसारखं एक रेडिओॲक्टिव्ह द्रव्य देतात, ज्या पेशी साखर जास्त खातात तिथे उजेड पडतो. त्याला बारकावा कमी, गाठ रक्तवाहिनीला चिकटलीय की दोन मिलिमीटर लांब आहे हे पेट सांगू शकत नाही. त्यात सुजेवर पण उजेड पडतो, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस असला तरी चमकणार. वर रक्तातली साखर चढलेली असेल तर द्रव्य गाठीत कमी जातं, आणि पारिजातताईंच्या सासऱ्यांना डायबेटिस आहेच. लांब कुठे पसरलंय का याची शंका असेल तर प्रोटोकॉल सीटीला जोड म्हणून पेट करतात, त्याच्या बदल्यात नाही.

अवांतर : पॅन्क्रियासचाच दुसरा एक प्रकार आहे, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, स्टीव्ह जॉब्सना झाला होता तो. तो बऱ्याचदा उलट धमनीच्या फेजमध्ये चमकतो आणि त्याला पेट पण वेगळं लागतं, गॅलियम-६८ डोटाटेट. दोन्ही रोगांना लोक सरसकट 'पॅन्क्रियासचा कॅन्सर' म्हणतात आणि मग याचा अनुभव त्याला लावतात.

सुईदोरा
सर्जिकल ट्रेनिंगमध्ये आहे, माझे दोन पैसे.

सगळे विचारतात 'गाठ केवढी आहे'. आमचे सर फिल्म उघडली की गाठीकडे शेवटी बघतात, आधी रक्तवाहिन्या. पॅन्क्रियासच्या मानेच्या मागून पोर्टल व्हेन आणि तिला येऊन मिळणारी एसएमव्ही ही आतड्याकडून येणारी शीर जाते, बाजूने एसएमए धमनी उतरते, जी अख्ख्या लहान आतड्याला रक्त पुरवते. चार सेंटिमीटरची गाठ या सगळ्यांपासून लांब असेल तर काढता येते आणि दोन सेंटिमीटरची एसएमएला मिठी मारून बसली तर नाही. मोजायची पद्धत अशी की रक्तवाहिनीचा आडवा छेद बघायचा आणि त्या गोलाला गाठ किती अंशात टेकलीय ते बघायचं. बांगडी अर्ध्यापेक्षा कमी आहे की जास्त, एवढाच प्रश्न. एसएमएला अजिबात स्पर्श नाही आणि शिरेला १८० अंशांपर्यंत नुसता स्पर्श आहे, शिरेचा आकार बिघडलेला नाही, तर थेट ऑपरेशनच्या यादीत. एसएमएला १८० अंशांपर्यंत टेकलीय, किंवा शीर वेडीवाकडी झालीय पण कापून परत जोडता येण्यासारखी आहे, तर 'बॉर्डरलाइन', आधी केमो. एसएमएला १८० च्या वर म्हणजे सध्या ऑपरेशन नाही. हे मोजमाप अंधुक फिल्मवर करायचं म्हणजे पोट उघडून मग कळणार की काढता येत नाही, आणि पेशंटने तेवढं मोठं ऑपरेशन फुकट सोसलं. निदानाच्या वेळी मुळात पाचातल्या एखाद्यालाच ऑपरेशन शक्य असतं, त्यामुळे तो एक कोण हे नीट ओळखणं फार महत्त्वाचं.

स्टेंटच्या आधी सीटी का, तर एन्डोस्कोपीतून स्टेंट टाकताना आजूबाजूला सूज येऊ शकते, कधीकधी चांगला पॅन्क्रियाटायटिसच होतो. मग रक्तवाहिन्यांभोवतीची जी चरबी सीटीत स्वच्छ काळी दिसायला हवी ती धुरकट होते आणि ती धुरकट जागा कॅन्सरची की सुजेची हे कुणीच सांगू शकत नाही. धातूचा स्टेंट स्वतः पण चित्रात रेघा मारतो. आणि फुगलेली नळी रिकामी झाली की ती जिथे अचानक थांबते तो पुरावाच गेला!

पारिजात_
बापरे. हे असं कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. पण मग कावीळ तशीच ठेवायची? बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ११ आहे, खाजेने झोप नाही त्यांना.

सुईदोरा
@पारिजात_, सीटी एका दिवसात होतो, तेवढं थांबायला बहुतेक हरकत नसते. थंडी वाजून ताप आला तर मात्र मुळीच थांबायचं नाही, ती नळीत इन्फेक्शन झाल्याची खूण, मग आधी नळी मोकळी करायची आणि सीटी नंतर. हे नीट लक्षात ठेवा.

आणि ऑपरेशन लगेच ठरणार असेल तर स्टेंट लागेलच असंही नाही. नेदरलँड्सचा २०१० चा एक मोठा अभ्यास आहे, त्यात आधी स्टेंट टाकून मग ऑपरेशन केलेल्यांत गंभीर कॉम्प्लिकेशन ७४ टक्के आणि थेट ऑपरेशन केलेल्यांत ३९ टक्के. तेव्हा प्लास्टिकचे स्टेंट वापरले होते, आता धातूचे जास्त चालतात, तरी मुद्दा राहतोच. आधी केमो द्यायची ठरली तर मात्र स्टेंट लागतोच कारण काविळीत ती औषधं देता येत नाहीत. म्हणजे स्टेंट टाकायचा की नाही हे पण सीटीवरच ठरतं, बघा.

रुईचं_फूल
पारिजात, आईच्या वेळी मी यातून गेलेय म्हणून डॉक्टर लोक सांगत नाहीत ते सांगते. अपॉइंटमेंट घेताना नुसतं 'पोटाचा सीटी' म्हणू नकोस, चिठ्ठीवर पॅन्क्रिॲटिक प्रोटोकॉल, ड्युअल फेज असं लिहिलेलं आहे ना ते बघ आणि काउंटरवर परत विचार. पिण्यासाठी पांढरं औषध देतात का साधं पाणी ते पण विचार, आम्हाला पाणीच दिलं होतं. क्रिएटिनिनचा (किडनीच्या टेस्टचा) ताजा रिपोर्ट बरोबर हवा. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर आधी सांग, किडनीच्या आकड्यावर ठरवतात बंद करायची का. श्वास रोखायची घरी दोनचार वेळा प्रॅक्टिस करून घे, आईचा पहिल्या खेपेला श्वास सुटला आणि टेक्निशियन दादा वैतागले होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीडी. फिल्मचे छापील कागद नव्हे, डायकॉम म्हणजे सीटीच्या मूळ फाइल्सची सीडी किंवा पेन ड्राइव्ह, दोन कॉप्या. एका ठिकाणी आम्हाला नुसता रिपोर्ट हातात दिला होता आणि सेकंड ओपिनियनवाल्यांनी बघितलं सुद्धा नाही, म्हणाले फिल्म आणा. हातावर सुई लावतील ती जरा जाड असते, कॉन्ट्रास्ट जोरात ढकलावा लागतो म्हणून, आणि अंगात एकदम गरम लाट आल्यासारखं होतं, लघवी झाली की काय असं वाटतं, होत नसते. हे आधी सांगून ठेवलं की माणूस घाबरत नाही.

काळापांढरा
@रुईचं_फूल, वा, पाण्याचा मुद्दा अगदी मोलाचा. पांढरं औषध प्यायलं की जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) लखलखीत पांढरे होतात आणि त्याला खेटूनच पॅन्क्रियासचं डोकं असतं, त्या उजेडात शेजारचं बारीक दिसत नाही. पाण्याने आतडं फुगतं पण काळं राहतं. दीरांच्या बायोप्सीच्या मुद्द्याचं कुणी बोललंच नाही.

सुईदोरा
हो, राहिलंच. गाठ काढण्यासारखी असेल आणि चित्र टिपिकल असेल तर ऑपरेशनच्या आधी बायोप्सीची सक्ती नसते, तो तुकडा नंतर तपासलाच जातो. केमो आधी द्यायची तर मात्र बायोप्सी हवीच, तुकड्यावर कॅन्सर सिद्ध झाल्याशिवाय कुणी केमो देणार नाही. ती करतात ईयूएसमधून, म्हणजे एन्डोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब. पोटावरून सोनोग्राफी केली की मधे गॅस येतो, इथे प्रोब जठराच्या आणि ड्युओडेनमच्या भिंतीला आतून टेकवतात, पलीकडे लगेच पॅन्क्रियास. दोन सेंटिमीटरच्या आतल्या, सीटीत लपलेल्या गाठी इथे सापडतात आणि तिथल्या तिथे सुई घालून तुकडा घेतात. पण सुई 'निगेटिव्ह' आली म्हणजे कॅन्सर नाही असं नसतं हो, गाठ तंतुमय असल्याने नेमक्या पेशी कधीकधी सुईत येतच नाहीत, परत करावी लागते.

दीरांची शंका मात्र अगदीच फुकाची नाही. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस नावाचा प्रकार हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो आणि तो स्टेरॉइडवर विरघळतो. चित्रात थोडं जरी वेगळं वाटलं की रक्तात आयजीजी-४ नावाची अँटिबॉडी बघतात.

निर्गुणी
सीए १९-९ (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ) करून बघा ना, एका रक्ताच्या टेस्टमध्ये काम होतं, एवढे स्कॅन कशाला.

काळापांढरा
@निर्गुणी, नाही होत. नळी तुंबलेली असली की कॅन्सर नसताना पण तो आकडा चढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ जन्मतःच बनत नाही, त्यांचा कॅन्सर असूनही नॉर्मल. कावीळ उतरल्यावरचा आकडा पुढच्या तुलनेला कामाचा.

पारिजात_
अपडेट. प्रोटोकॉल सीटी झाला, नवरा स्वतःच घेऊन गेला शेवटी. रिपोर्ट असा : डोक्यात २.८ सेंमी गाठ, एसएमव्हीला १८० अंशांपेक्षा जास्त स्पर्श आणि आकार थोडा बिघडलेला पण वरखाली शीर चांगली आहे, एसएमए मोकळी, लिव्हरमध्ये एक ५ मिमीचा ठिपका 'टू स्मॉल टु कॅरेक्टराइझ'. सर्जन म्हणाले बॉर्डरलाइन. आता ईयूएस बायोप्सी, मग धातूचा स्टेंट, मग केमो. आणि लिव्हरचा एमआरआय पण सांगितलाय. एवढ्याशा ठिपक्यासाठी एमआरआय? तो ठिपका वाचल्यापासून माझं डोकं चालत नाहीये.

काळापांढरा
एवढ्याशाच ठिपक्यासाठी. लिव्हरमध्ये निरुपद्रवी सिस्ट ढिगाने असतात, सीटीत ५ मिमीला ती सिस्ट की पसरलेला कॅन्सर हे सांगता येत नाही. एमआरआयमध्ये पाणी कसं दिसतं आणि पेशी दाटीवाटीने असल्या की कसं दिसतं हे वेगवेगळं बघता येतं, डिफ्यूजन म्हणतात त्याला. या ठिपक्यावर ट्रीटमेंटचा अख्खा रस्ता बदलतो त्यामुळे जरूर करा. अजून एक जागा आहे जी सगळ्याच स्कॅनना चकवते, पोटाचं आतलं अस्तर, पेरिटोनियम. तिथल्या तांदळाएवढ्या गाठी बऱ्याचदा कुठल्याच चित्रात येत नाहीत. म्हणून सीए १९-९ खूप जास्त असेल तर सर्जन आधी दुर्बिणीने आत डोकावतात. हे आमच्या शाखेचं अपुरेपण आहे, लपवण्यात अर्थ नाही.

हुप्प्या
हे सगळं वाचून मी तर म्हणतो दरवर्षी सगळ्यांनीच एक फुल बॉडी एमआरआय करून घ्यावा. लवकर सापडलं की प्रश्नच मिटला.

सुईदोरा
ऐकायला बरं वाटतं. पण ज्यांना काही त्रास नाही अशा सरसकट सगळ्यांची या कॅन्सरसाठी तपासणी करू नका असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१९ मध्ये परत एकदा सांगितलंय. रोग तसा विरळा आणि पॅन्क्रियासमध्ये साध्या सिस्ट भरपूर, म्हणजे कॅन्सर एखाद्याला सापडणार आणि शेकड्यांनी लोक सिस्टच्या काळजीत, सुया टोचून घेत बसणार. ज्यांच्या घरात जवळच्या दोघांना झालाय, किंवा बीआरसीए-२ सारख्या जीनमध्ये जन्मतः दोष आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना साधारण पन्नाशीपासून किंवा घरातल्या सगळ्यात तरुण पेशंटच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, दरवर्षी एमआरआय किंवा ईयूएस सांगतात. पारिजात, घराण्यात अजून कुणाला असेल तर नवऱ्याने आणि दीरांनी जेनेटिक काउन्सेलरला विचारावं. तसंही हल्ली या कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटलाच जीन टेस्ट सांगतात.

काजवा
मी सॉफ्टवेअरवाला, बाहेरून बोलतो. २०२३ ला नेचर मेडिसिनमध्ये पांडा नावाच्या एआयचा पेपर आला होता, साध्या बिनकॉन्ट्रास्टच्या सीटीत पॅन्क्रियासची गाठ ओळखतो म्हणे. म्हणजे छातीचा वगैरे सीटी दुसऱ्याच कारणाने झालेला असताना जाताजाता सापडेल. हे प्रत्यक्षात आलंय का?

काळापांढरा
दिशा मला पटते, कारण निदानाच्या आधीचे जुने सीटी परत काढून बघितले तर नळी किंचित फुगलेली असं काहीतरी बऱ्याचदा सापडतं, जे तेव्हा कुणाच्या नजरेत आलं नाही. थकलेल्या माणसाच्या मागे असा पहारेकरी असावाच. पण 'संशय आहे' एवढंच तो म्हणणार, पुढे तुमच्या एसएमव्हीचे अंश मोजायला परत हाच सीटी.

पारिजात_
परत मीच. एमआरआयमध्ये तो ठिपका सिस्ट निघाला!! बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा आला, स्टेंट झाला, खाज गेली, केमो सुरू होऊन दुसऱ्यांदा सीटी पण झाला. आणि आता नवी डोकेदुखी. सीए १९-९ बराच खाली आलाय, वजन थोडं वाढलंय, पण सीटीत गाठ 'स्टेबल', २.८ ची २.५. शिरेचा स्पर्श तसाच. म्हणजे केमो लागू पडत नाही का?

सुईदोरा
@पारिजात_, सिस्ट निघाल्याचं वाचून इथेच हुश्श केलं. आणि 'स्टेबल' शब्दाने खचू नका. मापाचा नियम असा की ३० टक्के कमी झाली तरच 'प्रतिसाद' म्हणायचं आणि २० टक्के वाढली तर 'वाढली', मधलं सगळं स्टेबल. पण ही गाठ मुळातच तंतुमय, केमोने पेशी मेल्या तरी तो चट्टा तिथेच राहतो आणि सीटीत मेलेला चट्टा आणि जिवंत गाठ एकसारखीच दिसतात. त्यामुळे केमोनंतर सीटी बऱ्याचदा परिस्थिती आहे त्यापेक्षा वाईट दाखवतो. नवीन कुठे पसरलं नाही, आकडा उतरला, माणूस हिंडतोफिरतोय, तर अशा पेशंटना शिरेचा स्पर्श तसाच दिसत असला तरी सर्जन ऑपरेशनला घेतात. तुमचे सर्जन हेच बघत असतील, विचारा त्यांना सरळ.

रुईचं_फूल
आमच्याकडे ऑपरेशन शक्य झालं नाही, रेडिएशन दिलं. त्याच्या आधी ईयूएसनेच गाठीत सोन्याचे बारीक कण पेरले होते, श्वासाबरोबर गाठ वरखाली होते ना, त्या कणांवरून मशीन नेम धरतं. ड्युओडेनम इतकं खेटून असतं की नेम चुकला तर आतड्याला भाजतं म्हणाले. दुखणं जास्त होतं तेव्हा त्याच ईयूएसने मागच्या नसांच्या जुडग्यात इंजेक्शन दिलं, त्याने तिला शांत झोप लागायला लागली. तुमच्यावर ही वेळ न येवो, पण पर्याय असतो हे माहीत असू दे.

पारिजात_
रुई, थँक्यू गं. एक शेवटचं, ऑपरेशनच्या आधी परत सीटी म्हणतायत, मागचा झाला त्याला सहा आठवडे झाले. आता मी 'परत कशाला' विचारणार नाहीये, फक्त आत धातूचा स्टेंट आहे तर चालेल ना?

काळापांढरा
चालेल. स्टेंटच्या आसपास थोड्या रेघा येतील पण शिरा-धमन्या दिसतात. ऑपरेशनच्या आधीच्या चार आठवड्यांतला सीटी हवा असा संकेत आहे, त्यामुळे सहा आठवड्यांचा जुना झाला. शक्यतो त्याच सेंटरला, त्याच प्रोटोकॉलने करा आणि आधीच्या दोन्ही सीडी काउंटरवर द्या, म्हणजे रिपोर्ट लिहिणारा तिन्ही शेजारी लावून बघेल.